रात्रीची झोप सकाळी ठरते

२०२० सालच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या रात्री आठवून पाहा. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. दुकाने, कारखाने, एस.टी., शाळा सगळे बंद. दिवसभर कुणी कामावर गेलेले नसे, त्यामुळे अंग दमायचे काही कारण नव्हते. तरीही माणसे थकलेली दिसत. आणि एवढी थकलेली माणसे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी असत. आमच्या समोरच्या इमारतीत तेव्हा मध्यरात्रीनंतरही प्रत्येक मजल्यावर एक-दोन खिडक्यांत मोबाइलचा निळसर उजेड दिसे. तो उजेड आम्हाला दिसे, याचा अर्थ आम्हीही जागेच होतो!

साथ ओसरून आता बराच काळ लोटला. मास्क खुंटीवरून उतरले, दुकाने उघडली, शाळा भरू लागल्या. पण त्या दिवसांत बिघडलेली झोप अनेक घरांत अजून रुळावर आलेली नाही. उशिरा झोपायचे, उशिरा उठायचे, दिवसभर चिडचिड करायची, ही सवय साथीने लावली आणि ती तशीच राहिली. म्हणून हा विषय जुना झाला असे आम्हाला वाटत नाही. त्या काळात आपल्या झोपेचे आणि मनाचे नेमके काय झाले, हे समजून घेतले तर आजही उपयोग आहे.

झोप वाढली, पण बिघडली

साथीच्या पहिल्या काही महिन्यांत शास्त्रज्ञांनी लोकांच्या झोपेचा अभ्यास केला. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या देशांतील लोकांची एक पाहणी २०२० मध्येच प्रसिद्ध झाली. ऑफिसला पळायचे नसल्याने लोक पूर्वीपेक्षा थोडे जास्त झोपत होते. कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांतला फरकही कमी झाला होता. हे ऐकून कुणालाही वाटेल की झोप सुधारली असणार. पण त्याच लोकांनी सांगितले की आपली झोप आधीपेक्षा वाईट झाली आहे. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांमध्येही झोपेचे तास वाढलेले आढळले, मात्र झोपण्या-उठण्याच्या वेळा पुढे सरकल्या होत्या.

यातून एक गोष्ट कळते. झोप नुसती तासांत मोजता येत नाही. आठ तास अंथरुणावर पडून राहणे वेगळे आणि सहा-सात तास गाढ झोपून ताजेतवाने उठणे वेगळे.

आणि हे अभ्यास झाले ते बहुतेक स्वतंत्र खोली असलेल्या लोकांवर. आपल्याकडे दोन खोल्यांत सहा-सात माणसे. एकाला झोपायचे, दुसऱ्याला बातम्या पाहायच्या, मुलांचा ऑनलाइन वर्ग, कुणाला खोकला आला की सगळ्यांच्या काळजात धस्स. अशा घरात झोपेची काय अवस्था झाली असेल, हे वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको.

आमच्या घरची गोष्ट

आमच्या घरात अब्बा, अम्मी, भाऊ, वहिनी, त्यांची दोन मुले आणि आम्ही. अब्बा निवृत्त. त्यांचा दिवस वर्षानुवर्षे ठरलेला. फजरला मस्जिदीत जायचे, नमाजनंतर नाक्यावर दोस्तांबरोबर चहा घ्यायचा, तेवढ्यात उजाडलेले असायचे, मग पाव आणि वर्तमानपत्र घेऊन चालत घरी. रात्री दहाला ते गाढ झोपलेले असत.

लॉकडाऊनमध्ये मस्जिद बंद, नाका बंद, वर्तमानपत्रही येईना. अब्बा फजर घरातच पढू लागले आणि पुन्हा आडवे होऊ लागले. बाहेर जायचेच नाही तर उठून करायचे काय? दहापर्यंत झोप, दुपारी जेवून पुन्हा दोन तास. मग रात्री ते खिडकीशी बसून असत. रुग्णवाहिकेचा आवाज आला की उठून गॅलरीत जात. कधी कुणावर आवाज न चढवणारा माणूस नातवंडांवर ओरडू लागला.

भावाचे शिवणकामाचे दुकान बंद होते. भाडे मात्र सुरूच होते. तो रात्री दोनपर्यंत मोबाइलवर आकडे बघत बसे. आज राज्यात किती, जिल्ह्यात किती, आपल्या वॉर्डात किती. मुलेही त्याच्याबरोबर जागत.

आम्ही सगळे अब्बांच्या आणि भावाच्या झोपेची चर्चा करत होतो. वहिनीच्या झोपेबद्दल मात्र कुणी एक शब्द काढला नव्हता. घर उशिरा झोपे, त्यामुळे ती सर्वांत शेवटी आडवी होई. पाणी पहाटे येई, त्यामुळे सर्वांत आधी उठेही तीच. शेवटी एक दिवस मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी फोन लावता लावता ती एकाएकी रडू लागली. कारण विचारले तर सांगता येईना. एवढेच म्हणाली, “मला फक्त एक रात्र झोपू द्या.” तेव्हा आमचे डोळे उघडले.

झोप येते कशी?

आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना अब्बांनी फोनवर झोपेची गोळी मागितली. ते म्हणाले, “चाचा, गोळी नंतर बघू. आधी सकाळी किती वाजता उठता ते सांगा.” अब्बांना राग आला. तक्रार रात्रीची, आणि हे सकाळचे विचारतात! पण डॉक्टरांनी जे समजावले ते आम्हाला पुढे फार उपयोगी पडले.

झोप दोन गोष्टींवर चालते. पहिली म्हणजे झोपेची भूक. आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडेनोसीन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. जितका वेळ जागे, तितका साठा मोठा आणि तितके डोळे जड. झोपल्यावर हा साठा कमी होतो. दुपारी दोन तास झोपणे म्हणजे जेवणाआधी पोटभर भजी खाण्यासारखे. रात्री भूक राहणार कशी? चहा-कॉफीतले कॅफिन या ॲडेनोसीनचा परिणाम मेंदूवर होऊ देत नाही. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी सातच्या कडक चहाचा अंमल मध्यरात्रीही शिल्लक असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले घड्याळ. मेंदूत खोलवर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. दिवस कधी आणि रात्र कधी हे तो ठरवतो. या घड्याळाचे काम कसे चालते हे शोधल्याबद्दल २०१७ साली तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांत हे घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मागे पडणारे असते. त्यामुळे त्याला रोज जुळवून घ्यावे लागते, आणि ते जुळते मुख्यतः सकाळच्या उजेडाने. डोळ्यांत सकाळचा उजेड गेला की दिवसाची सुरुवात नोंदली जाते. मग रात्री अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते.

घरातल्या दिव्याने हे काम नीट होत नाही. आपल्याला खोली लख्ख वाटते, पण तिथला प्रकाश जेमतेम काहीशे लक्स असतो. उघड्या आकाशाखाली, ढगाळ दिवशीसुद्धा, तो हजारांत असतो. लॉकडाऊनमध्ये माणसे दिवसा पडदे लावलेल्या खोलीत आणि रात्री मोबाइलच्या उजेडात. शरीराला दिवस पुरेसा उजळ मिळेना आणि रात्र पुरेशी काळोखी मिळेना. अब्बांची फजरनंतरची चाल, नाक्यावरचा चहा, लोकांशी बोलणे, ठरल्या वेळेचा नाश्ता या सगळ्यांनी त्यांचे घड्याळ रोज जुळत होते. ते सुटले आणि झोपही सुटली.

तेव्हा झोप रात्री येत असली तरी ती सकाळी ठरते, ही गोष्ट आम्ही त्या दिवशी शिकलो.

त्या वर्षीचा रमजान

आपल्या घरांत या बिघाडाला आणखी एक कारण घडले. २०२० साली रमजान २५ एप्रिलला सुरू झाला, ऐन लॉकडाऊनमध्ये. मस्जिदी बंद असल्याने तरावीह घरोघरी पढली गेली. इफ्तार सातच्या सुमारास आणि सहरी पहाटे पाचच्या आत संपायची. एरवीच्या रमजानमध्येही झोपेचे तुकडे पडतातच. पण एरवी सकाळी दुकान उघडायचे असते, मुलांना शाळेत धाडायचे असते. त्यामुळे दिवस सकाळीच सुरू होतो.

त्या वर्षी ती सक्ती नव्हती. अनेक घरांत सहरीपर्यंत जागायचे आणि फजरनंतर दुपारपर्यंत झोपायचे असा क्रम पडला. इबादतीत जागणे वेगळे. पण इबादत आणि सहरी यांच्या मधले तास बहुतेकांचे मोबाइलवर गेले, हे आपण स्वतःशी कबूल करायला हवे. २५ मे रोजी ईद झाली. रमजान संपला तरी शरीराचे घड्याळ मात्र तिथेच अडकले. मुले पहाटे चारला झोपत आणि दुपारी बाराला उठत. २०२१ मध्ये तर रमजानचा पहिला दिवस १४ एप्रिलला आला आणि त्याच रात्री राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागू झाले. सलग दुसऱ्या वर्षी तेच.

खरे तर आपल्या दिनक्रमातच झोपेचे चांगले वेळापत्रक दडलेले आहे. फजरची ठरलेली जाग, दुपारची छोटीशी कैलुला, इशानंतर गप्पा-गोष्टींत वेळ न घालवता झोपणे. महाराष्ट्रात फजरची वेळ वर्षभरात तास-सव्वा तासच पुढे-मागे होते आणि तीही हळूहळू. शरीराला ते सहज झेपते. फजरला पाच वाजता उठायचे असेल तर रात्री दहाच्या आत दिवा मालवला पाहिजे, म्हणजे सात तास मिळतात. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी, दहावी-बारावीच्या मुलांना आठ ते दहा तास आणि प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांना नऊ ते बारा तास. हिशेब सोपा आहे. तो आपण इशानंतर मोडतो.

मन आणि झोप

मनात काळजी असली की झोप येत नाही, हे सर्वांना माहीत आहे. झोप नसली की काळजी वाढते, हे मात्र आपण विसरतो. अपुऱ्या झोपेनंतर मेंदूतला भीती आणि राग जागवणारा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवर घालणारा भाग सुस्तावतो. तीच बातमी, तोच खर्च, तेच मुलाचे बोलणे. पण झोप झालेल्या माणसाला ते पेलते आणि न झालेल्याला पेलत नाही. मग दिवसभराची चिडचिड आणि भीती घेऊन तो पुन्हा अंथरुणावर जातो. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप थांबत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले की साथीच्या पहिल्या वर्षातच चिंता आणि नैराश्य यांचे जगातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. त्याचा जास्त फटका स्त्रियांना आणि तरुणांना बसला. आम्हाला त्यात नवल वाटले नाही. आमच्या वहिनीचे रडणे आम्ही पाहिले होते.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमचे चुलते गेले. मय्यतीला वीसपेक्षा जास्त माणसे नकोत असा नियम होता आणि अब्बांचे वय पाहता आम्ही त्यांना कब्रस्तानात जाऊ दिले नाही. धाकट्या भावाला मूठभर माती देता आली नाही. ताजियतीला कुणी आले नाही, कुणी गळ्यात पडून रडले नाही. आपल्याकडे दुःख हलके होते ते माणसांच्या येण्याजाण्याने. ते झालेच नाही. अब्बा पहाटे तीनला जागे होत आणि पुन्हा झोपत नसत. दोन महिने गेले, जेवण तुटले, बोलणे कमी झाले. “मी काय कामाचा उरलो,” असे म्हणू लागले.

नातेवाइकांनी नाना उपाय सुचवले. कुणी म्हणाले नजर लागली, कुणी म्हणाले वय झाले, कुणी म्हणाले सब्र कमी पडतो. हे शेवटचे वाक्य आम्हाला फार लागले. ज्या माणसाने आयुष्यभर सब्र केला त्याला आजारात हे ऐकवायचे? शेवटी अम्मी ठाम राहिल्या. म्हणाल्या, “दुआ मी करतेच आहे. तुम्ही यांना डॉक्टरकडे न्या.” जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्यांना नेले. नैराश्याचे निदान झाले. औषध सुरू झाले, दर काही दिवसांनी बोलणे झाले आणि काही महिन्यांत आमचे अब्बा आम्हाला परत मिळाले.

आम्ही काय बदलले

घरात जे केले आणि उपयोगी पडले, ते वाचकांसाठी थोडक्यात देतो.

उठण्याची वेळ पक्की ठेवा. रात्री कितीही वाजता झोप लागली तरी सकाळी ठरल्या वेळी उठा, सुट्टीच्या दिवशीही. पहिले चार-पाच दिवस जड जातात, मग रात्री डोळे आपोआप मिटू लागतात.

उठल्यावर उजेडात जा. अब्बा रोज उजाडताच अर्धा तास गच्चीवर चालू लागले. गच्ची नसेल तर दारात, गॅलरीत, अंगणात बसा. चहा तिथेच घ्या.

अंथरूण फक्त झोपेसाठी ठेवा. एका खोलीत राहणाऱ्यांना हे कठीण वाटेल. पण दिवसा गाद्या गुंडाळून ठेवायची आपली जुनी रीत याचसाठी चांगली होती. गादी घातली म्हणजे झोपायचे, हे शरीराला कळते.

झोप येत नसेल तर कुशीवर कुशी बदलत पडून राहू नका. वीसेक मिनिटे झाली असे वाटले की उठा, मंद उजेडात शांत बसा, तस्बीह घ्या किंवा कागदी पुस्तक वाचा. डोळे जड झाले की परत या. घड्याळाकडे मात्र पाहू नका.

दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांची आणि तीनच्या आत. दुपारनंतर चहा नको. तंबाखू, गुटखा आणि मिश्री यांतले निकोटीनही झोप उडवते. झोपण्यापूर्वी मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींनी हे ध्यानात घ्यावे.

काळजीला वेळ ठरवून द्या. भाऊ मगरीबच्या आधी पंधरा मिनिटे वही घेऊन बसू लागला. देणे किती, उद्या कुणाला फोन करायचा, सगळे लिहून वही बंद. बातम्या दिवसातून एकदाच, त्याही रात्री नाही. घरातले सगळे फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला.

आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातल्या स्त्रीच्या झोपेचा हिशेब ठेवा. आमच्याकडे पहाटेचे पाणी भरणे अब्बांनी आणि भावाने वाटून घेतले. रात्रीची भांडी दहानंतर घासायची नाहीत, असे ठरले. रमजानमध्ये सहरीची तयारी पाळीपाळीने होऊ लागली. वहिनीला दुसरे कुठलेही औषध लागले नाही.

डॉक्टरकडे कधी जावे?

आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप येत नसेल आणि असे आठवडेच्या आठवडे चालले असेल तर थांबू नका. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकून दचकून उठणे, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागणे, हा वेगळा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. कोरोना झालेल्या काहींना त्यानंतर कित्येक महिने थकवा आणि निद्रानाश राहिला, तेही डॉक्टरांना सांगावे. दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नयेत. त्यांची सवय लागते आणि म्हाताऱ्या माणसांना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवण तुटले, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा कुणी करू लागले, तर ती हसण्यावारी नेऊ नका. त्याच दिवशी मदत घ्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र केव्हाही विनामूल्य बोलता येते. ताप आला की आपण दवाखान्यात जातो आणि दुआही करतो. मनाच्या आजाराला दुसरा न्याय का?

आज अब्बा पुन्हा फजरला मस्जिदीत जातात. नाक्यावरचे दोन जुने दोस्त आता राहिले नाहीत, चहाला चार जण असत तिथे दोघेच असतात. तरी ते थांबतात, चहा घेतात आणि उजाडल्यावर पाव घेऊन घरी येतात. तोवर वहिनी झोपलेली असते. अब्बा आवाज न करता चहाचे आधण ठेवतात आणि मग तिला हाक मारतात.